कागदावरचा नवरा

होझियाची चाल मला पहिल्यापासून आवडली नाही. चाल म्हणजे खरोखरची चाल. माणूस इतकी वर्षं माझ्या घरात झोपतोय, माझ्या लेकीच्या शेजारी, माझ्या आईनं शिवलेल्या गोधडीत, आणि उजाडायच्या आत उठून जातो कसा, तर बूट हातात धरून, अनवाणी, भिंतीच्या कडेकडेनं. बूट तो घरात ठेवतच नाही. दाढीचं सामान नाही, टोपी नाही, त्याच्या नावाचा एक खिळा भिंतीत नाही. गाडी उभी करतो ती तंबाखूच्या जुन्या कोठारामागं, जणू ती चोरून आणलीय.

आणि रविवारी चर्चमध्ये बघावं. मी पहिल्या बाकावर, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. या चर्चची मी मदर आहे, म्हणजे सगळ्यांत मानाची म्हातारी, पाद्रीसुद्धा प्रवचन लांबलं की माझ्या तोंडाकडं बघतो. माझ्या मागं माझी लेक अर्लेथा आणि तिची पोर नीसी. आणि हा बाप्या तीन बाकं सोडून कडेला, वाट चुकून आत आल्यासारखा.

"होझिया, माझ्या कोंबड्या चोरतोस काय रे?" एकदा मी त्याला मागच्या पायरीवर गाठलं.

"नाही, मिस विनी."

"मग असा का जातोस?"

तो हसला. हसणं चांगलं आहे त्याचं, तिथंच माझी लेक फसली.

लपायचं तरी कुणापासून? पोस्टातल्या बाईला ठाऊक, पाद्र्याला ठाऊक. माझा कुत्रा त्याच्यावर भुंकायचा कधीच थांबला.

लग्न का करत नाहीत ते मला माहीत होतं. त्याचा राग होता, पण ते समजत होतं. नीसीला दमा. तिचा खरा बाप ती जन्मायच्या आधीच उत्तरेला नेवार्कला गेला, तो गेलाच. तिचा पंप, तिचं वाफ घ्यायचं मशीन, तिचा डॉक्टर, सगळं सरकारी कार्डावर चालतं. अर्लेथा म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. दिवसभर गोऱ्या म्हाताऱ्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं. तिचा एकटीचा पगार बघून सरकार म्हणतं, ही गरीब, हिला कार्ड द्या. होझियाशी कोर्टात जाऊन लग्न लावलं की त्याचा पगार तिच्या पानावर चढतो आणि सरकार म्हणतं, ही आता चांगल्या घरची, कार्ड काढून घ्या. दोघांच्या पगारात औषधं येत नाहीत, पण ते विचारतो कोण?

आता लॅसिटर म्हणून गोरा बागायतदार आहे, त्याच्या शेडमधल्या कोडीचं बघा. होझिया तिथंच रताळी धुवायच्या पट्ट्यावर काम करतो, बारा वर्षं झाली. कोडी आला परवा, त्याला काम शिकवलं होझियानं. कोडीनं लग्न केलं. बायको शाळेच्या ऑफिसात. सासऱ्यानं जागा दिली, मालकानं विमा दिला, बँकेनं घर दिलं. गोऱ्याच्या घरात लग्न झालं की दोन पगार एकावर एक चढतात. आमच्या काळ्यांच्या घरात एक पगार दुसऱ्याला खाली ओढतो. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, तीसुद्धा पीक नसेल तेव्हा. पण एवढं मला बोटांवर कळतं.

त्या वर्षी पीक चांगलं होतं. माझा नवरा ईनॉक ठेवून गेला ती पाच एकर, रेताड, रताळ्याला चांगली. वेल कापून झाले होते. आणि रेडिओनं सांगितलं, समुद्रावरून वादळ निघालंय, शनिवारी आपल्याकडं. रताळं जमिनीत असताना पाणी साचलं तर संपलं. वरून धड दिसतं, बोट लावलं की आत जातं, आणि असा आंबूस वास सुटतो की दोन शेतं पलीकडं कळतं. आमच्या तर सगळ्या सऱ्या बाकी होत्या. मजूर मिळेनात, सगळे लॅसिटरनं धरलेले.

मग घरचेच उतरलो. होझिया शेडमधून सुटला की ट्रॅक्टर काढायचा. ट्रॅक्टर ईनॉकचा, होझियानं तारा आणि शिव्या बांधून जिवंत ठेवलेला. तो माती उलटत पुढं जायचा, मागं आम्ही गुडघ्यांवर. गुडघ्यांना गोणपाट बांधायचं. रताळं देठापासून मोडायचं, झटकायचं नाही, फेकायचं नाही, खोक्यात अंडं ठेवावं तसं ठेवायचं. ताज्या रताळ्याची साल तान्ह्या पोराच्या कातडीसारखी, नखानं निघते. नीसीला धूळ चालत नाही, ती गाडीत काचा वर करून बसायची आणि मला हात दाखवायची.

बुधवारी होझिया डिझेल आणायला गेला होता. मी खोकं उपडं घालून त्यावर बसले होते, माझी कंबर धरली होती. तेवढ्यात लॅसिटरची पांढरी गाडी बांधाला येऊन थांबली. तो उतरला नाही. कधी उतरत नाही. काच खाली केली.

"काय मावशी, यंदा माल चांगला दिसतोय."

मी याच्या कुठल्या आईची बहीण? काळ्या बाईला मिसेस म्हणावं लागू नये म्हणून गोऱ्यांनी काढलेली ही मावशी. याचा बापही मला मावशीच म्हणायचा, आणि मी बापापेक्षा लहान होते.

"मिसेस बॅटल," मी म्हटलं. "दारावरच्या पत्रपेटीवर लिहिलंय, येता येता वाचलं असेल तुम्ही."

"बरं बरं, मिसेस बॅटल. होझियाला जरा समजाव. मी त्याला मुकादमाची जागा देतोय आणि तो नको म्हणतो."

माझ्या हातातलं रताळं तसंच राहिलं.

"कधी दिलीत?"

"आठवडा झाला. बारमाही काम, बांधलेला पगार. वर घरच्यांचा विमा. बायको-पोरं सगळी त्यात."

"बारा वर्षांत आजच आठवण झाली?"

तो खिडकीच्या कडेवर बोटं वाजवत बसला. त्याचे दोन गोरे मुकादम लागोपाठ सोडून गेले होते, ते मला ठाऊक होतं.

"विम्यात बायको कागदावरची लागते, एवढंच," तो म्हणाला. "शनिवारी सकाळी सांगा. नाहीतर मी कोडीला देतो. कोडी तसा घरसंसारी मुलगा आहे. स्थिर."

काच वर गेली. धूळ उडाली ती माझ्या तोंडावर आणि नीसीच्या गाडीवर. मी उठून आधी तिच्या काचा बघितल्या.

होझिया आला तेव्हा मी त्याला ट्रॅक्टरवर चढू दिलं नाही.

"मुकादमाची जागा नको म्हणालास?"

त्यानं डिझेलचा डबा खाली ठेवला. बराच वेळ झाकण घट्ट करत बसला, ते आधीच घट्ट होतं.

"कुणी सांगितलं?"

"ज्यानं दिली त्यानं. माझ्याच शेतात येऊन, मला मावशी म्हणून. मी त्याच्यापुढं तोंड उघडं टाकून बसले, होझिया. माझ्या घरातली गोष्ट मला गोऱ्या माणसाकडून कळली."

"मिस विनी, तो विमा पहिल्या दिवसापासून लागू होत नाही. तीन महिने थांबावं लागतं."

"मग थांबायचं."

"बायकोचं नाव पहिल्याच दिवशी लिहावं लागतं, म्हणजे आधी लग्न पाहिजे. लग्न झालं की कार्ड जातं, लगेच. विमा येणार जानेवारीत. मधे काय?"

मधे म्हणजे थंडी. गेल्या थंडीत नीसीचे ओठ निळे झाले होते आणि याच माणसानं तिला उचलून गाडीत टाकलं होतं, दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नव्हता. मी शेजारी होते. माझी पांढरी टोपी कुठं पडली ते आठवत नाही.

"अर्लेथाला सांगितलंस?"

"तिला सांगितलं तर ती हो म्हणेल. मग काही झालं तर ती स्वतःला खाईल. म्हणून मीच नको म्हटलं."

"आणि हे बूट हातात घेऊन पळणं? तेही तिच्यासाठी? अर्लेथानं कार्डाच्या ऑफिसात विचारलंय. लग्न नाही तोवर तू कुठं झोपतोस याच्याशी त्यांना देणंघेणं नाही."

आता तो माझ्याकडं बघेना. म्हणाला, "मी सात वर्षांचा होतो. सरकारची मदत मिळायची ना आईला, तर एक गोरी बाई यायची तपासायला. पिशवी घेऊन. सरळ आतल्या खोलीत जायची, पलंगाखाली वाकायची. पुरुषाचे बूट सापडले की मदत बंद. एकदा बाबांचे सापडले. आई म्हणाली, थोरल्या पोराचे आहेत. बाईनं ते माझ्या भावाला घालायला लावले. दहा वर्षांचा होता तो. चालून दाखव म्हणाली."

"चालला?"

"पडला. त्यानंतर बाबा घरी राहायचे बंद झाले. पुढं पुढं यायचेच बंद झाले."

वारा सुटला होता. त्या बाया मलाही आठवत होत्या, आमच्या दारी नाही आल्या, कारण ईनॉकनं आणि मी उपास काढले पण मदत मागितली नाही. मी त्याचा फार गर्व करत आले. त्या क्षणी करवला नाही.

"चढ ट्रॅक्टरवर," मी म्हटलं. "उजेड आहे तोवर दोन सऱ्या होतील."

जेवायला चवळी होती, डुकराच्या मानेची हाडं घातलेली, आणि तव्यातला मक्याचा पाव. मी मुद्दाम नीसीला आधी भरवून झोपवलं. मग अर्लेथाला सगळं सांगितलं. होझिया समोर बसून होता, पाव कुस्करत.

अर्लेथा माझी धाकटी. आवाज चढवत नाही, ते माझ्याकडून नाही आलं.

"म्हणजे तू माझ्यासाठी नाही म्हणालास," ती म्हणाली.

"पोरीसाठी."

"पोर कुणाची?"

"अर्ली, तसं नव्हतं म्हणायचं..."

"मी दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना विचारते, आजोबा, या कुशीवर वळवू का, पाणी देऊ का. ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही त्यांनासुद्धा विचारते. आणि तू मला विचारलं नाहीस."

ती उठली, त्याच्या पुढ्यातली कुस्करलेली पावाची ताटली उचलली आणि कोंबड्यांना टाकायला बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही.

"आता जाऊन माफी माग," मी म्हटलं.

"काय म्हणू?"

"ते मला विचारतोस? आत्ता सुचलं होय विचारायचं?"

गुरुवारी चर्चमधल्या आमच्या बायकांच्या मंडळीची बैठक होती. बायबलातल्या तळ्यावरून नाव, सायलोमच्या लेकी. आमच्या आयांनी काढली ती, कारण तेव्हा गोरा विमावाला दर आठवड्याला दारात येऊन नाणी न्यायचा आणि माणूस मेलं की बारीक अक्षरातला कागद दाखवायचा. म्हणून बायकांनी आपली वर्गणी काढली. मेलं की पेटी, फुलं, काळी गाडी, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या कपड्यांत उभ्या असलेल्या आम्ही. आमच्यातलं कुणी कधी उघड्यावर पडलं नाही.

खजिनदार हॅटी बुलक. तिचं माझं तरुणपणापासून वाकडं. ईनॉकनं तिला सोडून मला मागणी घातली, आणि ती म्हणते, सोडलं नव्हतं, मीच दिला तुला.

मी उभी राहिले आणि सांगितलं. तीन महिन्यांची औषधं, पंप, एखादं दवाखान्याचं बिल आलंच तर ते. मंडळीनं द्यावं.

हॅटीनं चष्मा काढला. "जिवंत माणसाला देता येत नाही, लुव्हिनिया. नियम आहे. तुझ्याच सासूनं घातलाय."

"सासू मेली. तिला पेटी दिली आपण. तिचं माझं मिटलं."

"आज एका पोराला दिलं तर उद्या दहा येतील."

"येऊ देत. पोरं मेल्यावर येतील तेव्हा देणारच आहोत ना? लहान पेट्या स्वस्त पडतात म्हणून वाट बघायची का?"

मी जरा जास्त बोलले होते. कोरीन विन्स्टेडनं मान खाली घातली. तिचा नातू गेला होता, तीन वर्षांचा, दम्यानंच. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आल्यावरही मी खाली बसले नाही, बसले असते तर परत उठता आलं नसतं.

"माझ्या नावची पितळी कड्यांची पेटी आहे," मी म्हटलं. "ती नको. साधी पाइनच्या फळ्यांची करा. काळी गाडी पण नको. होझियाचा ट्रॅक्टर आहे, त्यामागं ट्रेलर लावा. उरलं ते पोरीला द्या. माझंच आहे, माझ्या वर्गणीचं."

"ट्रॅक्टरवरून?" हॅटी म्हणाली. "चर्चची मदर? लोक हसतील."

"मला ऐकू येणार नाही."

कोरीन हसली. डोळे पुसत हसली, आणि ती हसल्यावर बाकीच्याही.

"मी ट्रॅक्टरमागून चालणार नाही बाई, माझे गुडघे गेलेत," हॅटी म्हणाली. "आणि तुझं मेल्यावरचं तोंड मला बघायचंय, ते नीट गाडीतून आलेलं बघायचंय. गाडी राहू दे. माझी फुलं काढा. लिलीच्या वासानं तशाही मला शिंका येतात, पेटीत शिंकले तर पळापळ होईल."

"माझे पण हातमोजे काढा," कोरीन म्हणाली. "कुणाला दिसतात."

अशी एकेक गोष्ट निघत गेली. कुणाची मखमल, कुणाची नवी चप्पल. आम्ही म्हाताऱ्या आपापलं मरण स्वस्त करत बसलो होतो, आणि इतका दंगा झाला की पाद्री डोकावून गेला.

हॅटीनं वहीत लिहिलं. मग पेन माझ्यावर रोखलं. "एक अट. लग्न इथं होणार, आपल्या चर्चमध्ये. कोर्टात उरकलं तर सगळं परत घेईन. मला केक खायचाय."

शनिवारी सकाळी आभाळ शिशासारखं होतं. वारा थांबला होता, तो थांबला की समजायचं जवळ आलंय. शेवटच्या चार सऱ्या राहिल्या होत्या. अर्लेथानं सुट्टी मागितली नव्हती, घेतली होती. शुक्रवारी मी दोघांना मंडळीचं सांगितलं होतं, तेव्हा होझिया म्हणाला होता, "मेलेल्यांच्या पैशावर?" आणि मी म्हटलं होतं, "अजून मेलो नाही आम्ही." त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोललं नव्हतं. दोघं एकमेकांना मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलत होती.

तिघं एकाच सरीत होतो. ट्रॅक्टर पुढं उभा करून होझियासुद्धा खाली उतरला होता, हात कमी पडत होते. माती गार, दमट. माझी नखं काळी, पाठीत कळ. पहिला टपोरा थेंब माझ्या मनगटावर पडला.

"अर्ली," होझिया म्हणाला. खाली बघत, रताळं मोडत. "तुला काय वाटतं?"

"कशाबद्दल?"

"तीन महिन्यांबद्दल. पोरीबद्दल. माझ्याबद्दल. भीती वाटते मला. तुला वाटते का?"

"वाटते."

"मग?"

"मग काय, विचार की."

"विचारलं ना आत्ता."

"ते नाही. दुसरं."

तो थांबला. लग्नाचं विचारायला माणूस गुडघ्यावर बसतो म्हणतात. हा तर सकाळपासून गुडघ्यांवरच होता, आम्ही सगळेच होतो. हातात चिखलाचं रताळं होतं ते त्यानं खोक्यात ठेवलं, अंडं ठेवावं तसं, आणि विचारलं. काय शब्दांत विचारलं ते मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. अर्लेथा हो म्हणाली आणि लगेच म्हणाली, "हात थांबवू नकोस, पाऊस आलाय."

बांधावर पांढरी गाडी आली. या खेपेला शेजारी कोडी बसलेला. होझिया उठला, पँटला हात पुसले, चालत गेला. मी सरीतून उठले नाही, पण कान तिकडं.

"घेतो मी जागा," होझिया म्हणाला. "सोमवारपासून. बायकोचं नाव आणि मुलीचं नाव त्याच दिवशी लिहायचं."

"उशीर केलास रे पोरा," लॅसिटर म्हणाला. "मी कोडीशी जवळजवळ बोललोय."

"जवळजवळ म्हणजे बोलला नाहीत."

कोडी गाडीच्या छताकडं बघत होता. मग म्हणाला, "मालक, मला त्या पट्ट्याच्या मोटरचं काही कळत नाही. त्यालाच द्या."

लॅसिटरनं वायपर लावला. "सोमवारी सहाला," तो म्हणाला. "आणि लग्नाचा कागद आण."

"लग्न पुढच्या शनिवारी, कागद तेव्हाच मिळेल. आठवडाभर माझा शब्द चालवा. बारा वर्षं चालवलाय." आणि वळून तो परत सरीत आला. काच वर जायची वाट त्यानं बघितली नाही.

मग पाऊस लागला. शेवटची खोकी ट्रेलरवर चढवून ताडपत्री बांधेपर्यंत आम्ही चिंब झालो. थोडी रताळी राहिली जमिनीत, राहू देत. गाडीतून नीसी काचेवर थापा मारत होती, तिला बाहेर यायचं होतं. पावसानं धूळ बसली होती, म्हणून मी मान हलवली, ये. ती धावत आली ती सरळ होझियाच्या कमरेला.

तो तिला उचलून उभा होता, पावसात, आणि माझ्याकडं बघत होता. काहीतरी ऐकायची वाट बघत असावा. आभार नाही मानत मी कुणाचे, पण बोलले.

"होझिया, ऐक. इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात भित्रा म्हणत आले, ते चूक. तू भित्रा नाहीस. तू एकटा ठरवणारा आहेस, ते त्याहून वाईट. आता तू या घरचा, तेव्हा सांगून ठेवते. 'हो' म्हणायचं असेल तर कुणालाही विचार, तुझ्या बायकोला विचार, या पोरीला विचार. पण या घरातर्फे कुणाला 'नाही' म्हणायचं असलं, तर ते मी म्हणते. ते काम माझ्याकडं आहे, आणि मी अजून ते सोडलेलं नाही."